धरणारे हात

प्राण्यांमध्ये काम करायचं म्हणून लातूर, अकोला किंवा साताऱ्याहून पुण्या-मुंबईला निघालेल्या मुलामुलींना घरून ठरलेलं उत्तर मिळतं: मग गुरांचा डॉक्टर हो. ते जमलं नसेल तर दुसरं उत्तर तयार असतं: एखाद्या संस्थेत जाऊन सेवा कर. एका टोकाला साडेपाच वर्षांची पदवी, दुसऱ्या टोकाला नुसतं प्रेम. या दोहोंच्या मधल्या माणसांवाचून शहरातलं प्राण्यांचं कुठलंच काम एक दिवसही चालत नाही. तरी त्या कामाला आपण ना शिक्षण दिलं, ना नाव, ना पगाराची श्रेणी. नव्या शहरात आलेल्याला काम तसं लगेच मिळतं. त्या कामातून पुढे कुठे जायचं, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही.

पदवीची वाट स्पष्ट आहे. ‘नीट’चे गुण, मग साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता. परळला १८८६ साली सुरू झालेलं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसंच नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथली महाविद्यालयं आज नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच दिला, आणि ते योग्यच झालं. त्याच कायद्याने एक फटही ठेवली आहे: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या प्राथमिक सेवा पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या माणसाने पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली द्यायला राज्य सरकार परवानगी देऊ शकतं. पण ही तरतूद वाचताना डोळ्यांसमोर येतो तो गावातला गोठा आणि गावोगाव फिरणारा पशुधन पर्यवेक्षक. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं मांजर आणि रात्री अकरापर्यंत उघडा असणारा खासगी दवाखाना त्या चौकटीत कुठे दिसत नाही.

या दवाखान्यात मधला माणूस काय करतो ते जवळून पाहावं. तीस किलोच्या लॅब्रेडॉरला शिरेतून औषध द्यायचं आहे. मदतनीस एक हात कुत्र्याच्या मानेखालून घालून त्याचं डोकं स्वतःच्या खांद्याशी धरतो, दुसऱ्या हाताने पुढचा पाय कोपरामागून पुढे सरकवतो आणि अंगठ्याने वरची शीर दाबतो. शीर फुगते, डॉक्टर सुई घालतात, सुईत रक्त दिसलं की अंगठा त्याच क्षणी सैल व्हायला हवा. नाही तर औषध पुढे जात नाही आणि शीर फुटू शकते. मांजराला असं आवळून धरलं तर ते नखं काढणारच. त्याला टॉवेलात गुंडाळून, जेवढ्यास तेवढंच धरावं लागतं. शेपूट, कान, श्वास यांवरून पुढच्या दोन सेकंदांत काय होणार हे ओळखणं, हे या कामातलं खरं कसब. आणि हे करणाऱ्याला आपण म्हणतो ‘हेल्पर’. तोच फरशी पुसतो, तोच फाइल शोधतो, तोच शटर ओढतो. भटक्या कुत्र्यांचंही तसंच. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा गाभा असा की कुत्रं पकडावं, नसबंदी आणि लसीकरण करावं आणि जिथून आणलं तिथेच सोडावं. हे सगळं अखेर टिकतं जाळी टाकणाऱ्याच्या हातावर आणि कुठलं कुत्रं कुठल्या गल्लीतलं, या त्याच्या ओळखीवर.

हे कसब शिकवता येत नाही, ते अंगात असावं लागतं, असं अनेक जण म्हणतात. अंगात थोडं असावं लागतंच. म्हशींमध्ये वाढलेल्या मुलाकडे ते शहरी मुलापेक्षा जास्त असतं, हेही खरं. पण जिथे पैसा पणाला लागतो तिथे आपणच हे नशिबावर सोडलेलं नाही. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३चं. हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणे असा शर्यतींचा हंगाम फिरतो आणि घोड्यांबरोबर मोतद्दारही फिरतात. तिथे जॉकीला आणि प्रशिक्षकाला क्लबचा परवाना लागतो, नियम मोडला तर चौकशी होते. (खरारा करणाऱ्या मोतद्दाराच्या वाट्याला यातलं फारसं येत नाही, पण निदान त्याच्या वर चढायला शिडी तरी आहे.) ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय परिचारिकांचं प्रशिक्षण १९६१पासून सुरू झालं, पुढे त्यांची नोंदणीही आली. तिथे डॉक्टरांचं महत्त्व त्यामुळे कमी झालं नाही.

आपल्याकडच्या पशुवैद्यकांना मात्र वेगळीच भीती आहे, आणि ती खोटी नाही. प्रमाणपत्र हाती आलं की उद्या हाच माणूस पाटी लावून इंजेक्शनं द्यायला बसेल. गावोगावी बोगस डॉक्टर पाहिलेल्यांना ही शंका यावी यात नवल नाही. पण भोंदूगिरी वाढते ती कोणाला काय करता येतं हे धूसर असतं तेव्हा. आजचा बिनशिक्का मदतनीस डॉक्टर बाहेर गेले की सुई हातात घेतोच. कामाची हद्द लिहिलेली असेल तर निदान ती ओलांडली हे सांगता येईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर वाटतो: प्रमाणपत्र सक्तीचं केलं की आज कागदाविना आत शिरणाऱ्या गरीब मुलाचं दार बंद होईल. म्हणून सक्ती आधी नको, आणि शिक्षण नोकरी करता करता व्हावं. विद्यापीठाच्या महाविद्यालयांकडे रुग्णालयं, जनावरं, शिक्षक सगळं आहे. अल्पमुदतीचे कौशल्य अभ्यासक्रम आजही मिळतात, पण त्यांच्या कागदाला मालक किंमत देत नाहीत.

प्रेमाचा मुद्दा उरतो. आवड असेल तर पैसे कशाला मोजायचे, असा सूर या क्षेत्रात जुना आहे. त्याचा फायदा ज्यांचं घर त्याच शहरात आहे त्यांना होतो. सहा महिने विनावेतन काम करणं त्यांना परवडतं. खोलीचं डिपॉझिट उसनं घेऊन आलेल्या मुलीला नाही. ती मग प्राण्यांच्या पाळणाघरातल्या पिंजऱ्यांशेजारी झोपायला तयार होते, कारण भाडं वाचतं. रात्रपाळी कधी सुरू होते आणि कधी संपते हे मग कोणी विचारत नाही. सर्वांत आधी तिने विचारायला हवं ते रेबीजबद्दल. लक्षणं दिसू लागली की या रोगातून माणूस जवळजवळ वाचतच नाही, आणि चावा बसण्याआधीच लस घेता येते. ही लस कामावर ठेवणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने द्यायची की नवख्याने आपल्या पगारातून, एवढ्या एका प्रश्नावरून त्या जागेची किंमत कळते. महापालिका नसबंदीचं काम संस्थांना देतात तेव्हा निविदेत ही अट घालणं त्यांच्याच हातात आहे: कुत्र्याला हात लावणारा प्रत्येक जण लस घेतलेला आणि शिकलेला असावा, आणि त्याचं शिक्षण ठेकेदाराच्या बिलात धरलं जावं.