कुंडीतली अंबाडी आणि गांजाची अफवा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. बंगळुरूतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रविवारी सकाळी सकाळी एक फोटो आला. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत दोन उंच रोपं, हाताच्या पंजासारखी चिरलेली पानं, कातरलेल्या कडा. खाली एकच ओळ होती, ‘हे गांजाचं झाड आहे का?’

तासाभरात ग्रुपवर ऐंशी मेसेज पडले. कुणी म्हणालं पोलिसांना कळवा, कुणी म्हणालं आधी सेक्रेटरींना सांगा. ते घर होतं यवतमाळहून मुलाकडे राहायला आलेल्या एका काकूंचं. मुलगा टूरवर, सून ऑफिसच्या कामात आणि नातू इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. संशयाची सुई अर्थातच नातवाकडे वळली. सेक्रेटरी, दोन शेजारी आणि वॉचमन असे चौघं दारात येऊन उभे राहिले, तेव्हा काकूंना काय झालंय हेच कळेना. कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यात पाणी आलं.

सोडवणूक केली ती वॉचमनने. तो तेलंगणाचा. त्याने एक पान तोडलं, चावलं आणि हसून म्हणाला, ‘‘सर, ये तो गोंगुरा है!’’

काकूंनी गावाहून येताना रुमालाच्या गाठीत अंबाडीचं बी आणलं होतं. बंगळुरूत भाजी मिळत नाही म्हणून कुंडीत पेरलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुंडीत काही लावलं होतं.

त्या संध्याकाळी नातवाने मात्र आजीला आणि मला एक खरा प्रश्न विचारला. ‘‘खरंच तसलं एखादं झाड असतं तर काय झालं असतं? मोबाइलवर तर ढिगाने व्हिडिओ आहेत, घरी पहिलं रोप कसं लावायचं म्हणून. जर्मनीत शिकणारा माझा मित्र सांगतो, तिकडे चालतं.’’

हा प्रश्न आज कितीतरी घरांतल्या मुलांच्या मनात आहे. फरक इतकाच की बहुतेक मुलं तो घरात विचारत नाहीत. म्हणून त्याचं उत्तर मोठ्यांना नीट माहीत असायला हवं.

एक रोपही गुन्हाच

आपल्याकडे १९८५ सालचा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. एनडीपीएस या नावाने तो ओळखला जातो. या कायद्याच्या ८व्या कलमानुसार भांगेच्या म्हणजेच गांजाच्या कोणत्याही झाडाची लागवड करायला मनाई आहे आणि २०व्या कलमात त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा सांगितली आहे.

इथे अनेकांचा एक मोठा गैरसमज असतो. ‘थोडा माल सापडला तर शिक्षा कमी होते’ असं त्यांनी ऐकलेलं असतं. ते जवळ बाळगलेल्या गांजाबद्दल खरं आहे. १ किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो आणि त्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण लागवडीच्या कलमात अशी पायरी नाही. शेत असो की गॅलरीतली कुंडी, ‘इतकी रोपं चालतील’ असा आकडा कायद्यात कुठेही नाही. म्हणजे ‘एकच तर झाड आहे, तेही हौसेखातर’ हा बचाव कामाचा नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. आपल्या ताब्यातल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ दिला, तर २५व्या कलमाखाली जागेचा मालक किंवा तिथे राहणारी व्यक्तीही अडचणीत येऊ शकते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांना खोली देणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात घ्यावं.

मग भांगेची दुकानं कशी?

हा पुढचा प्रश्न हमखास येतो. होळीला थंडाई पितात, उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात सरकारमान्य भांगेची दुकानं आहेत, मग झाड लावलं तर काय बिघडलं?

उत्तर कायद्याच्या व्याख्येत आहे. झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि त्याची राळ म्हणजे चरस. फुलोरा सोबत नसेल तर नुसतं पान आणि बी या व्याख्येत येत नाही. त्यामुळे पानांपासून बनणाऱ्या भांगेचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. झाडाची लागवड मात्र सरळ मनाईत येते. पान वेगळं, झाड लावणं वेगळं.

बियांचंही तसंच. कुमाऊं-गढवालच्या स्वयंपाकघरात भांगेच्या भाजलेल्या बियांची चटणी पिढ्यान् पिढ्या होते. २०२१ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या बिया आणि त्यांचं तेल यांना ठरावीक मर्यादेत खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. म्हणून दुकानात ‘हेम्प सीड्स’ची पाकिटं दिसतात. ती खाण्यासाठी आहेत. तीच मातीत पेरली तर ती लागवड होते.

तंतू, बी किंवा बागायतीसाठी सरकार लागवडीची परवानगी देऊ शकतं, अशी तरतूद कायद्याच्या १४व्या कलमात आहे. उत्तराखंडाने २०१८मध्ये औद्योगिक हेम्पच्या शेतीला परवाना देऊन या दिशेने पाऊल टाकलं. या वाणांत नशा आणणारं द्रव्य, म्हणजे टीएचसी, नाममात्र असावं लागतं. पण हा परवाना शेतीसाठी असतो. घरच्या कुंडीचा इथे संबंध नाही.

‘तिकडे चालतं’ याचा अर्थ

मित्राने सांगितलं ते खोटं नव्हतं. जर्मनीत १ एप्रिल २०२४पासून १८ वर्षांवरील व्यक्तीला घरी तीन झाडं लावता येतात, पण ती लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावी लागतात. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८पासून एका घरात चार झाडांची मुभा आहे, तरी क्युबेकसारख्या प्रांताने घरच्या लागवडीवर बंदीच ठेवली. म्हणजे जिथे चालतं, तिथेही वय, संख्या आणि जागा यांची बंधनं आहेत.

तुमचं मूल किंवा नातवंड परदेशी शिकत असेल तर सुट्टीवर येण्याआधी त्याला हे स्पष्ट सांगा, की तिथली कायदेशीर वस्तू विमानात बसली की कायदेशीर राहत नाही. बिया, ‘गमीज’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या, चॉकलेट, यातलं काहीही बॅगेत घालून आणू नये. मित्रासाठी भेट म्हणून तर नाहीच.

घरात तसं काही आढळलं तर?

समजा, मुलाच्या खोलीत दिव्याखाली वाढणारं रोप दिसलंच, तर पहिली प्रतिक्रिया आरडाओरड्याची असते. ती आवरा. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘हे काय आहे?’ असं तर मुळीच विचारू नका.

• आधी मुलाशी एकट्याने बोला. ‘तू असं का केलंस?’पेक्षा ‘हे कधीपासून आहे, तू स्वतः घेतोस का, अजून कोण आहे?’ हे प्रश्न उपयोगी पडतात. नुसतं कुतूहल, पैशाचं आमिष आणि व्यसन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे आहेत.

• फौजदारी प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलाचा सल्ला लगेच घ्या. ऐकीव माहितीवर काहीही करू नका. मूल १८ वर्षांखालचं असेल तर त्याला बाल न्याय कायदा लागू होतो, हेही वकिलाला विचारून घ्या.

• व्यसनाची शंका असेल तर सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. मानसिक ताणासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल तर काही गुन्ह्यांत खटल्यापासून सूट मिळण्याची तरतूदही ६४ए कलमात आहे. ती कुणाला लागू होते, हे वकीलच सांगू शकेल.

मुलांना समजावताना ‘वाईट सवय’ एवढं सांगून भागत नाही. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. निर्णय घेणारा, आवर घालणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. या वयात गांजाचं नियमित सेवन केल्यास स्मरणशक्ती, एकाग्रता यांवर परिणाम होतो आणि ज्यांच्या घराण्यात गंभीर मानसिक आजार आहे, त्यांना भास-भ्रमाचा धोका अधिक असतो. ‘ते तर नैसर्गिक आहे’ असं मुलं म्हणतात. धोतराही नैसर्गिकच असतो, हे त्यांना आठवून द्यावं.

ओळखायचं कसं?

आता पुन्हा काकूंच्या गॅलरीकडे. शेजाऱ्यांची चूक अगदीच निराधार नव्हती. अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नाव आहे हिबिस्कस कॅनाबिनस. त्यातल्या ‘कॅनाबिनस’चा अर्थच भांगेसारखी. दोघींच्या खोडापासून दोरासाठी तंतू निघतात. गावाकडे अंबाडीच्या वाखाचे दोर वळलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे ठाऊक असेल. तरी फरक सोपा आहे.

• अंबाडीचं पान एकच असतं, ते खोल चिरलेलं असतं आणि देठाजवळ सगळे भाग जोडलेले असतात. खालची पानं तर बऱ्याचदा अखंड असतात. गांजाच्या पानात एकाच देठातून सुट्या, लांबट पर्णिका निघतात.

• अंबाडी जास्वंदीच्या कुळातली. तिला पाच पाकळ्यांचं मोठं, फिकट पिवळं आणि आत गडद लाल असं फूल येतं. गांजाचा फुलोरा बारीक, हिरवा, बिनपाकळ्यांचा आणि उग्र वासाचा असतो.

• अंबाडीचं पान चवीला आंबट लागतं. पण अनोळखी झाडाचं पान तोंडात घालून पाहू नका. आमच्या वॉचमनला ती भाजी लहानपणापासून माहीत होती.

निर्गुडी आणि तिळवण यांची पानंही अशीच फसवतात. म्हणून फोटो ग्रुपवर टाकण्याआधी शेजाऱ्याची बेल वाजवून ‘काय लावलंय हो?’ असं विचारलेलं बरं.

पहिलं रोप लावायचंच आहे?

स्वतः पेरलेलं बी उगवताना पाहण्यात जी मजा आहे, ती कुठल्याही वयात हवीहवीशी वाटते. मुलाला ती हौस असेल तर दाबू नका. त्याला अंबाडी लावू द्या. पहिल्यांदाच काही लावणाऱ्यासाठी इतकं सोशिक झाड क्वचितच मिळेल.

पेरणी : जून-जुलै सर्वांत उत्तम. बी रात्रभर पाण्यात भिजवा. १२ इंची कुंडी घ्या आणि तळाला भोक आहे ना, हे पाहा. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळ खत, एक भाग कोकोपीट असं मिश्रण भरा. बी साधारण १ सेंटिमीटर खोल पेरा. आठवडाभरात कोंब दिसतात. मग सशक्त अशी दोन-तीन रोपंच ठेवा, बाकीची उपटून भाजीत घाला.

ऊन आणि पाणी : रोज पाच-सहा तास ऊन हवं. बोट मातीत खुपसून पाहा. वरचा थर कोरडा लागला तरच पाणी घाला. नवखे लोक झाडं तहानेने कमी आणि जास्त पाण्याने अधिक मारतात.

शेंडा खुडणं : रोप फूटभर झालं की शेंडा खुडा. बाजूने फुटवे येतात आणि पानं भरपूर मिळतात. पाच-सहा आठवड्यांत पहिली भाजी होते.

कीड : पांढरा पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसला तर १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुलिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

दिवस लहान होऊ लागले की फुलं येतात. काही रोपं बियांसाठी राखून ठेवा, पुढच्या वर्षीची सोय होते. लाल अंबाडी लावली असेल तर तिच्या लाल बोंडांचं सरबत आणि जॅम छान होतो.

भाजीसाठी पानं उकडून पाणी काढून टाका, म्हणजे आंबटपणा बेताचा होतो. तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून घोटा, वरून लसूण आणि लाल मिरचीची भरपूर तेलातली फोडणी. सोबत गरम भाकरी. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून खावी, कारण या पानांत ऑक्झॅलिक आम्ल असतं.

काकूंनी त्या रविवारी रात्री मोठं पातेलंभर भाजी केली आणि दारात आलेल्या चौघांच्याही घरी वाटी पाठवली. सेक्रेटरींनी ग्रुपवर माफी मागितली. यंदा जूनमध्ये आमच्या सोसायटीत अकरा गॅलऱ्यांत अंबाडी उगवली आहे. त्यातली एक कुंडी नातवाच्या खोलीबाहेर आहे. पाणी तोच घालतो, आजीला हात लावू देत नाही.