डॉल्फिन, होडी अन् लेकराची उलटी

नांदगाव खंडेश्वरहून दिवाळीच्या सुटीत तारकर्लीला डॉल्फिन पाहायला जाताय? मग हे वाचाच. डॉल्फिनसोबत पोहणं आपल्याकडे नाही. 2013 सालीच केंद्रानं डॉल्फिन कोंडून ठेवणाऱ्या डॉल्फिनेरियमला मनाई केली. कोकणातले पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन होडीतूनच पाहायचे, तेही लांबून.

आमचं लेकरू मात्र डॉल्फिन दिसायच्या आधीच पांढरंफटक पडलं अन् सकाळचे पोहे माझ्या शर्टावर! कारण साधं: कान मेंदूला सांगतो ‘हलतोय’, मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात ‘स्थिर’. म्हणून मोबाइल काढून घ्या, होडीच्या मध्यभागी बसवा, नजर क्षितिजावर. पोट तुडुंब नको, रिकामंही नको. उलटीची गोळी निघायच्या आधीच द्यायची, तीही डॉक्टरांना विचारून. लाइफ जॅकेट लेकराच्या मापाचंच मागा. अन् हो, पावसाळ्यात होडीच्या या फेऱ्या बंद असतात.