टाळीची जागा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या युरोपीय अभिजात संगीताविषयी बोलताना एक समीकरण हमखास मांडलं जातं. काळ बुद्धिवादाचा होता, न्यूटनच्या नियमांचा होता, म्हणून संगीतही नियमबद्ध, समतोल आणि नेटकं झालं. ऐकायला हे पटतं, पण १७५१ या एकाच सालाकडे नीट पाहिलं तरी ते डळमळू लागतं. त्या वर्षी पॅरिसमध्ये दिदरो आणि दालांबेर यांच्या विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. त्याच वर्षी जर्मनीत, आदल्या वर्षी वारलेल्या योहान सेबास्टियन बाखचा ‘आर्ट ऑफ फ्यूग’ छापून आला. एकच सूत्र सुलट, उलट, दुप्पट संथ, दुप्पट जलद असं नाना परींनी विणत नेणारी ही रचना म्हणजे संगीतातल्या बुद्धीचा कळसच. बुद्धीचाच काळ होता तर तिच्यावर उड्या पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात पाच वर्षांत तीसेक प्रती खपल्या, आणि बाखच्या मुलाने छपाईचे तांब्याचे पत्रे विकायला काढले. विश्वकोशाची वर्गणीदारांवर उभी असलेली पहिली आवृत्ती मात्र चार हजारांवर प्रतींची झाली. बुद्धीचं राज्य येत होतं आणि संगीत मात्र सोपं, हलकं, प्रसंगी थट्टेखोर होत चाललं होतं.

याचा उलगडा माझ्या मते असा आहे. अभिजात शैलीवर ज्ञानोदयाचा ठसा आहे हे खरं, पण तो नियमांमध्ये शोधून सापडणार नाही. तो श्रोत्याशी असलेल्या नात्यात आहे. धर्मपीठाने किंवा राजाने सांगितलं म्हणून न मानता साधा माणूस स्वतःच्या अकलेने निवाडा करू शकतो, ही त्या काळाची खरी धाडसी कल्पना. हायडन आणि मोझार्टचं संगीत ही कल्पना गृहीत धरूनच रचलेलं आहे. श्रोता पुढचं ताडतो आहे, हे त्यांना ठाऊक असतं. त्याचं ताडणं खरं ठरवायचं की खोटं, यावर त्यांची रचना उभी राहते.

मोझार्टने वडिलांना पॅरिसहून लिहिलेलं ३ जुलै १७७८ चं पत्र या बाबतीत फार बोलकं आहे. ‘कॉन्सर्ट स्पिरित्युएल’ या तिकीट लावून होणाऱ्या मैफलींसाठी त्याने नवी सिम्फनी लिहिली होती. पहिल्या भागात एक जागा लोकांना आवडणार हे त्याने आधीच हेरलं होतं. म्हणून ती त्याने शेवटाकडे पुन्हा आणली, आणि मैफलीत दोन्ही वेळा टाळी घेतली. शेवटच्या भागात तर त्याने सरळ सापळाच लावला. पॅरिसमध्ये असा भाग सगळी वाद्यं एकदम दणक्यात सुरू करतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. त्याने सुरुवातीला फक्त व्हायोलिनं ठेवली, तीही हळू आवाजात, आठ मात्राखंड. श्रोत्यांनी एकमेकांना गप्प केलं. मग सगळा वाद्यमेळ कोसळला आणि त्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला. आनंदाने तो पाले रॉयालला जाऊन आइस्क्रीम खाऊन आला आणि नवस केल्याप्रमाणे त्याने जपमाळ ओढली. पॅरिसच्या श्रोत्यांविषयी त्याचं मत काही बरं नव्हतं. पण त्यांची अपेक्षा हा त्याच्या रचनेतला कच्चा माल होता.

हायडनने हीच युक्ती अधिक बारकाईने वापरली. १७८१ च्या ओपस ३३ मधल्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचा शेवट पाहा. नाचरं, चार तुकड्यांचं सूत्र वारंवार येऊन कानात पक्कं बसलेलं आहे. मग अचानक काही संथ, गंभीर स्वर येतात, जणू आता निरोप. पण नाही, सूत्र पुन्हा येतं, या वेळी प्रत्येक तुकड्यानंतर रिकामी जागा सोडत. चौथा तुकडा वाजला, सूत्र पुरं झालं, शांतता पसरली. संपलं म्हणावं तोच आणखी लांब थांबून पहिला तुकडा हलकेच वाजतो, आणि रचना तिथेच संपते. म्हणजे सुरुवातीच्याच वाक्यावर शेवट. ही थट्टा कळायला संगीतशास्त्राची पोथी लागत नाही. सूत्र लक्षात ठेवलेलं असलं की पुरे, आणि ते लक्षात राहावं अशीच व्यवस्था हायडनने केलेली असते. चार-चार मात्राखंडांची ती प्रसिद्ध सममिती म्हणजे अंदाज बांधता यावा म्हणून श्रोत्याच्या हाती दिलेली मोजपट्टी आहे.

हा श्रोता आकाशातून पडला नाही. त्याला छापखान्याने, तिकिटाने आणि कायद्याने घडवलं. लंडनमध्ये विल्यम होगार्थच्या खटपटीने १७३५ साली खोदचित्रांना स्वामित्वहक्काचं संरक्षण मिळालं, आणि सरदाराच्या दिवाणखान्याबाहेर चित्रं विकून जगणं चित्रकाराला शक्य झालं. संगीताची पाळी १७७७ साली आली. बाखचा धाकटा मुलगा योहान ख्रिस्तियान याने लाँगमन या प्रकाशकावर दावा लावला होता. छापील संगीतालाही १७१० च्या ग्रंथकायद्याचं संरक्षण आहे, असा निकाल न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दिला. दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल १७७९ पासून कळपट्टीच्या वाद्यांसाठीच्या रचनांचे संग्रह काढू लागला, तेव्हा ते जाणकार आणि हौशी अशा दोघांसाठी आहेत हे त्याने मुखपृष्ठावरच छापलं. बापाच्या तीस प्रतींचा धडा मुलांनी चांगलाच गिरवलेला दिसतो.

चित्रकलेतही हेच घडत होतं. लूव्हरमधलं ‘सालों’ हे अकादमीचं प्रदर्शन १७३७ पासून नियमित भरू लागलं. प्रवेश फुकट, त्यामुळे दरबारी बाई आणि दुकानातला पोऱ्या एकाच चित्रापुढे उभे. पौराणिक चित्र कळायला पुराण ठाऊक असावं लागतं; शार्दँच्या तांब्याच्या भांड्यापुढे आणि ऑलिव्हच्या बरणीपुढे नुसते डोळे पुरत. १७६१ मध्ये ग्रझच्या खेडवळ वाङ्निश्चयाच्या चित्राभोवती गर्दी लोटली. १७८५ मध्ये दाविदची ‘होरेशियसपुत्रांची शपथ’ लागली. मागे तीन कमानी. एकीखाली हात उगारलेले तीन भाऊ, मधलीखाली तलवारी धरलेला बाप, तिसरीखाली रडणाऱ्या बायका. रोमन इतिहास न वाचलेल्यालाही कोण निघालंय आणि कोणाचं काय जाणार आहे, हे लांबूनच समजतं. चित्रासाठी पैसा राजाच्या खजिन्यातला होता, रचना मात्र गर्दीच्या नजरेसाठी होती.

इथे पहिला आक्षेप येईल: हायडन तर नोकर होता. खरंच होता. १७६१ च्या करारानुसार त्याने गणवेश घालावा, दिवसातून दोनदा दालनाबाहेर हुकमाची वाट पाहावी आणि त्याच्या रचना एस्टरहाझी सरदाराच्या मालकीच्या राहाव्यात, असं ठरलं होतं. पण या अटीला न जुमानता त्याचं संगीत पॅरिसमध्ये छापलं जात होतं, आणि १७७९ च्या नव्या करारातून ती गळली. बाजाराने राजवाड्याची भिंत आतून नाही, बाहेरून पोखरली. १७९१ मध्ये लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर सभागृहात उभा राहिलेला हायडन हा त्याच पोखरण्याचा परिणाम.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ज्ञानोदयाच्या विचारवंतांनाच हे संगीत कळत नव्हतं. विश्वकोशातले संगीतविषयक लेख रूसोने लिहिले, आणि त्याचा सारा जीव गाण्यात. शब्दांवाचून वाजणाऱ्या वाद्यांना सांगायचं तरी काय असतं, ही त्याची शंका. कांटने १७९० मध्ये, बुद्धीची मशागत या कसोटीवर, संगीताला कलांमध्ये सर्वांत खालची पायरी दिली आणि ते न मागता शेजाऱ्याच्या नाकात जाणाऱ्या अत्तराच्या रुमालाच्या पंक्तीला बसवलं. मला हा आक्षेप माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध वाटत नाही. तत्त्वज्ञ संगीतात विचाराचा आशय शोधत होते. ऐकणं हीच विचाराची क्रिया होऊ शकते, हे वादक आणि तिकीट काढणारे त्यांच्या आधी शिकले. दिदरोची गोष्ट तर आणखी मजेची. सालोंवरची त्याची समीक्षा हस्तलिखित पत्रिकेतून युरोपातल्या मोजक्या राजेरजवाड्यांकडे जाई. रसिक जनतेचा हा कैवारी त्या जनतेला वाचायलाच मिळत नव्हता.

पण ही जनता म्हणजे नेमकं कोण, हे विचारलंच पाहिजे. मोझार्टच्या १७८४ च्या व्हिएन्नातल्या मैफलींच्या १७४ वर्गणीदारांत बहुतेक नावं सरदार-उमरावांची आहेत. तुर्कांशी युद्ध सुरू झाल्यावर हा वर्ग पांगला, आणि १७८९ मध्ये वर्गणीची यादी फिरवली तेव्हा तिच्यावर फान स्वीटन नावाचे एकटे उमराव उरले. हायडनच्या पॅरिस सिम्फनी ज्या संस्थेने करवून घेतल्या तिच्या वाद्यमेळाचा प्रमुख जोसेफ बोलोन, शव्हालिए द सॅं-जॉर्ज. ग्वाडेलूपमधल्या एका गुलाम स्त्रीचा मुलगा. पॅरिसच्या ऑपेराचं प्रमुखपद मात्र त्याला मिळालं नाही, कारण मिश्रवर्णीयाच्या हाताखाली काम करणार नाही, असा अर्ज गायिकांनी राणीकडे केला. चित्रकारांच्या अकादमीत एका वेळी चारच बायका, असा दंडक होता. सर्वांचा निवाडा मानणाऱ्या काळाचे ‘सर्व’ असे होते. तरी एक फरक उरतो: वर्गणीदार उमराव हा धनी नसतो. तो हुकूम देऊ शकत नाही, फार तर पुढच्या वेळी येत नाही.

त्याच वर्षांत पुण्यात काय होत होतं, ते पाहिलं की या व्यवस्थेचं महत्त्व कळतं. रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स इथे सवाई माधवरावांची आणि नाना फडणवीसांची चित्रं रंगवत होता. त्याच्याजवळ शिकलेला गंगाराम तांबट वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं करत होता, तीही उत्तम. हात होता, तंत्र आलं होतं. चार लोकांनी येऊन बघावं आणि मत द्यावं अशी भिंत नव्हती. तांबटांची बरीच रेखाटनं मॅलेटबरोबर विलायतेला गेली आणि आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत.

हायडनचं ते ओपस ३३, क्रमांक २ आज कोणालाही मोबाइलवर सहज ऐकता येतं. ऐकाच. फक्त शेवटच्या भागापुरता पडदा पालथा ठेवा. किती सेकंद उरले ते दिसत राहिलं, तर टाळी कुठे द्यायची याची चूक करायला तुम्ही मोकळे राहणार नाही.