लिलावातील गाडी : दिसते स्वस्त, पडते केवढ्याला?

आपल्या वस्त्यांतून अलीकडे एक बोलणे वारंवार कानी पडते. ‘फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांचा लिलाव आहे. आपल्याला आत सोडत नाहीत, पण ओळखीचा डीलर आहे. तो आपल्यासाठी बोली लावील. अडीच लाखांची गाडी दोन लाखांत पदरात पडेल.’ हे ऐकून कुणी भिशी उचलतो, कुणी फंडातून पैसे काढतो, कुणी घरातील सोने गहाण टाकतो. टुरिस्टचा धंदा करावा, स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही इच्छा चांगलीच आहे. परंतु ज्या बाजारात आपण शिरत आहोत तो कोणासाठी भरलेला आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. आम्ही पेशाने कारकून. संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बसून लोकांचे कागद वाचून देतो, अर्ज लिहून देतो. त्या अनुभवाच्या आधारे चार गोष्टी वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

हा बाजार व्यापाऱ्यांचा

लिलावात जुन्या गाड्या मुख्यतः तीन वाटांनी येतात. हप्ते थकल्यामुळे बँका व फायनान्स कंपन्यांनी ताब्यात घेतलेल्या. अपघातात किंवा पुरात निकामी झाल्यामुळे विमा कंपन्यांनी काढून टाकलेल्या. आणि साध्या मालकांनी विकायला काढलेल्या. २०१५ साली सुरू झालेल्या ‘कार्स२४’ कंपनीने मालकाची गाडी तपासायची, फोटो व अहवाल डीलरांना दाखवायचा आणि त्यांच्या बोलीतून भाव ठरवायचा, अशी पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवली. काही यार्डांत अनामत भरून कोणालाही बोली लावता येते. पण जेथे फक्त डीलरांना प्रवेश असतो, तेथे साध्या गिऱ्हाइकाला जागा नसते.

असे का? लिलावातील गाडी बहुधा ‘जशी आहे तशी, जेथे आहे तेथे’ या अटीवर विकली जाते. रस्त्यावर चालवून पाहायला क्वचितच मिळते. बोली सुटल्यावर केलेली तक्रार कोणी ऐकत नाही. व्यापाऱ्याला हे परवडते, कारण तो अनेक गाड्या घेतो. दहांपैकी एक फसली तर उरलेल्या नऊंत भरून काढतो. त्याचा मेकॅनिक, पेंटर, टायरवाला ठरलेला असतो. आपण दहा-पंधरा वर्षांत एकच गाडी घेतो. तीच फसली तर भरून काढायला दुसरी नसते. व्यापाऱ्याला कमी भाव मिळतो तो ही जोखीम उचलण्याबद्दल. त्याच्या नावाने आपण बोली लावली की दलाली त्याच्या खिशात जाते आणि जोखीम तेवढी आपल्या घरी येते.

अमेरिकेतही हाच प्रकार आहे. तेथील मॅनहाइम या गावी १९४५ साली डीलरांसाठी लिलाव सुरू झाला व पुढे त्याची फार मोठी कंपनी झाली. तेथे बोलीच्या वेळी रंगीत दिवे लावतात. हिरवा म्हणजे गाडी ठीक, लाल म्हणजे आहे तशी घ्या, आणि निळा म्हणजे मालकीचे कागद हजर नाहीत. मुरलेल्या व्यापाऱ्यांनाही असा इशारा द्यावा लागतो, मग आपण किती सावध राहायला हवे!

हिशेब मांडून पाहा

समजा, बोली २,००,००० रुपयांना सुटली. डीलरची दलाली १०,०००. यार्डाचे भाडे व गाडी आणण्याचा खर्च ५,०००. टायर, बॅटरी व इंजिनकाम ३०,०००. विमा १०,०००. नाव बदलणे व थकलेली चलने ५,०००. एकूण २,६०,००० रुपये झाले. तशीच गाडी दुकानात चालवून पाहून, घासाघीस करून अडीच लाखांत मिळत असेल, तर स्वस्ताई कुठे राहिली? हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे वहीवर मांडावेत, आणि ही वही घरातील बाईमाणसांपुढे ठेवावी. भिशीचा पैसा त्यांनीच पै पै करून साठवलेला असतो.

कागद आधी, किल्ली नंतर

ओढून आणलेल्या गाडीचे आरसी बुक बहुतेक वेळा जुन्या कर्जदाराच्याच नावावर असते. अशा वेळी फायनान्स कंपनीने फॉर्म ३६ भरून आरटीओकडून स्वतःच्या नावाने नवे आरसी घ्यावे आणि मग फॉर्म २९ व ३० वर गाडी आपल्या नावावर करून द्यावी, हा कायदेशीर मार्ग आहे. आरसीवर आणखी कोणाचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ लागतो. परराज्यातील गाडी असेल तर तेथील आरटीओची एनओसी हवी, शिवाय महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्जही १४ दिवसांत द्यावा. अनेकजण ‘नाव नंतर चढवू’ म्हणतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले, की गाडी कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते. म्हणून आपली जुनी गाडी डीलरला विकणाऱ्यांनीही सावध राहावे. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओचे अधिकारपत्र घ्यायचे असते, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी वर द्यायची असते. ते अधिकारपत्र मागून पाहायला लाजू नये.

‘सरकारी खात्याची जुनी जीप मिळवून देतो’ असे कोणी म्हणाल्यास आणखी जपावे. १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी एप्रिल २०२३ पासून नव्याने होत नाही. ती मोडीतच काढायची असतात.

पुरात बुडालेली गाडी ओळखायलाही शिकावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी गाडी धुऊन-पुसून नवी दिसते, पण तिची वायरिंग पुढे दगा देते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचे डाग पाहावेत, गालिचा उचलून गंज पाहावा, आतला कुबट वास घ्यावा. चेसिस व इंजिनचा नंबर आरसीशी ताडावा. एमपरिवहन अॅपवर आरसीची माहिती व थकलेली चलने पाहावीत. आणि टुरिस्टच्या धंद्यासाठी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी चालत नाही, हे विसरू नये.

ज्याची गाडी ओढली, तोही आपलाच

यार्डात उभी असलेली गाडी कुणाच्या तरी घामाची असते. असा प्रसंग आपल्यापैकी कुणावर आला तर हक्क माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे फायनान्स कंपनीच्या करारातच जप्तीपूर्वीची नोटीस, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची अखेरची संधी व लिलावाची पद्धत लिहिलेली असावी लागते. गुंड पाठवून गाडी ओढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले आहे. लिलावात किती रक्कम आली याचा हिशेब लेखी मागावा. कर्ज व खर्च फिटून पैसे उरले तर ते कर्जदाराचे असतात, आणि कमी पडले तर बाकीची वसुली त्याच्यामागे लागते. म्हणून हप्ता थकताच तोंड लपवू नये. कंपनीकडे लेखी मुदत मागावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.

लिलावाला जाऊच नका, असे आमचे म्हणणे नाही. विश्वासू मेकॅनिक सोबत असेल, कागद पुरे असतील आणि दुरुस्तीसाठी वेगळे पैसे बाजूला असतील, तर जरूर जावे. पण रोख पैसे पावतीशिवाय देऊ नयेत, कोऱ्या फॉर्मवर सही करू नये, आणि बोलीची कमाल रक्कम घरून ठरवून निघावे. शेजारच्याने पुढची बोली लावली म्हणून आपण चढायचे नाही. गाडी पुन्हा मिळेल. गेलेली भिशी पुन्हा साठवायला वर्षे लागतात.