व्रण भरला, व्याधी गेला काय?

भावमिश्रांनी सोळाव्या शतकात वर्णिलेला फिरंग आजही आपल्या चिकित्सालयात येतो. रुग्ण मात्र 'उष्णता झाली' एवढेच सांगतो. घरापासून दीर्घकाळ दूर राहणे, मद्यपान, मित्रांचा आग्रह हे वेश्यागमनाशी निगडित घटक विचारल्यावाचून कळत नाहीत. फिरंगाचा वेदनारहित व्रण औषधाविनाही ३ ते ६ आठवड्यांत भरून येतो. ते यश आपल्या लेपाचे मानणे हीच घातक चूक होय. व्याधी शरीरात राहतो, पत्नी व गर्भापर्यंत पोहोचतो. म्हणून एकांतात, दोष न देता विचारावे. व्हीडीआरएल व एचआयव्ही तपासणीसाठी शासकीय रुग्णालयात पाठवावे. फिरंग निश्चित झाल्यास पेनिसिलिन चिकित्सेस विलंब नको. पत्नीचीही तपासणी व्हावी. औषधविक्रेत्यांनीही अशा रुग्णास केवळ मलम देऊन परत पाठवू नये.