गमबुटांचा बुधवार

रेडिंग, मार्च

इंग्लंडमध्ये मुलाला चार वर्षे पूर्ण झाली की त्यानंतरच्या सप्टेंबरात त्याचे नाव शाळेच्या पटावर चढते. कायद्याची सक्ती पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून आहे, पण तोवर थांबणारे पालक क्वचितच. पहिल्या वर्गाला रिसेप्शन म्हणतात, मग इयर वन, मग इयर टू. हे तीनच वर्ग जिथे स्वतंत्रपणे भरतात ती इन्फंट स्कूल. सातव्या वर्षी मुले तिथून ज्युनियर स्कूलमध्ये जातात. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंगमध्ये आयटीच्या नोकऱ्यांमुळे मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि त्यांची मुले अशा सरकारी शाळांतच जातात. त्यातल्या एका शाळेत मी दर आठवड्याला मदतनीस पालक म्हणून जाते. त्या शाळेचा आठवडा या पत्रात सांगावासा वाटतो. लहान मूल कसे शिकते याविषयी या देशाची दोन वेगळी मते आहेत आणि ती दोन्ही या एका आठवड्यात शेजारी शेजारी नांदतात.

शुक्रवारी दुपारी पालकांच्या फोनवर शाळेचे पत्रक येते. पुढच्या आठवड्यात कोणते आवाज शिकवणार, कोणती गोष्ट वाचणार, अंकांमध्ये काय करणार, हे त्यात असते. पण जाड ठशातली सूचना हमखास कपड्यांची. बुधवारी जंगलाचा तास आहे. पाणी न शिरणारी विजार, गमबूट, जास्तीचे पायमोजे, आणि प्रत्येक वस्तूवर नाव. पाऊस असला तरी तास होणार. जोराचा वारा असेल तर मात्र नाही, कारण तेव्हा झाडाखाली उभे राहणे धोक्याचे.

वर्गातली सकाळ काटेकोर असते. गालिच्यावर मांडी घालून बसलेली तीस मुले, समोर बाई, बाजूला मदतनीस शिक्षिका. तीस हा आकडाही कायद्याचा आहे. १९९८च्या शिक्षण कायद्याने एका शिक्षकामागे इन्फंट वर्गात तीसपेक्षा जास्त मुले बसवायला बंदी केली. रोज अर्धा तास आवाजांचा, म्हणजे फॉनिक्सचा. इंग्रजीत अक्षरे सव्वीस आणि आवाज सुमारे चव्वेचाळीस, त्यामुळे अक्षरांची नावे पाठ करून वाचता येत नाही. म्हणून इथे ए, बी, सी या क्रमाने शिकवतच नाहीत. सुरुवात होते एस, ए, टी, पी या चार अक्षरांनी, कारण एवढ्या भांडवलावर मूल पहिल्याच आठवड्यात ‘सॅट’, ‘टॅप’, ‘पॅट’ वाचू लागते. मार्चपर्यंत गाडी दोन आणि तीन अक्षरांच्या जोडआवाजांवर पोहोचते. फळ्यावर ‘रेन’ लिहिले की मुले पुढे येऊन खाली खुणा करतात. एकट्या अक्षराखाली ठिपका, दोन अक्षरे मिळून एकच आवाज करत असतील तर त्यांच्याखाली आडवी रेघ. ठिपक्यावर बोट टेकवायचे, रेघेवरून बोट सरकवायचे, आणि आवाज जोडून शब्द म्हणायचा. शब्द सापडला की चेहरा उजळतो, आणि गालिच्यावरची बाकीची मुलेही तो शब्द मोठ्याने म्हणतात.

यामागे सरकारचा आग्रह आहे. २०१२पासून इयर वनच्या प्रत्येक मुलाची जूनमध्ये एक तपासणी होते. चाळीस शब्द, त्यांतले निम्मे खरे आणि निम्मे बनावट. बनावट शब्दांशेजारी परग्रहावरच्या प्राण्याचे चित्र असते, म्हणजे मुलाने अर्थ शोधत बसू नये, फक्त आवाज जोडावेत. जमले नाही तर इयर टूमध्ये पुन्हा. ही पद्धत मला आधी रुक्ष वाटत असे. पण जी मुले घरी मराठी, पोलिश किंवा नेपाळी बोलतात, त्यांना याच आवाजांनी इंग्रजीचे दार पटकन उघडते हे मी समोर बसून पाहिले आहे. शाळा त्यांना घरची भाषा सोडायला सांगत नाही, हेही लिहिले पाहिजे. रिसेप्शनपर्यंत लागू असलेला बालशिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा असे बजावतो की ज्यांची घरची भाषा वेगळी आहे त्यांना ती भाषा खेळात आणि शिकण्यात वापरायची संधी शाळेने द्यावी.

आता बुधवार.

शाळेच्या मैदानाच्या कडेला हेझेल, ओक आणि काट्याळ हॉथॉर्नची छोटीशी राई आहे. जंगल हा शब्द मोठाच, पण एक मीटर उंचीच्या माणसाला तेवढे पुरते. झाडांना बांधलेल्या लाल फिती ही हद्द. मध्ये ओंडक्यांचे गोल रिंगण आणि त्याच्या आत चूल. पहिली दहा मिनिटे रिंगणात बसून मागच्या बुधवारपासून काय बदलले ते सांगायचे. परवा एका मुलाने सांगितले की डबक्यातल्या बेडकाच्या अंड्यांतले काळे ठिपके आता लांबट झाले आहेत. सगळी रांग डबक्याकडे गेली. बाईंनी उत्तर दिले नाही, भिंग दिले. त्या ठिपक्यांना शेपूट फुटली आहे की नाही यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी दोघींनी पाटीवर चित्र काढून ठेवले, पुढच्या आठवड्यात ताडून पाहायला.

नंतर ज्याला जे हवे ते. काहीजण सडका ओंडका उलटवून त्याखालचे किडे मोजतात आणि ओंडका होता तसा परत ठेवतात. काहीजण मातीच्या स्वयंपाकघरात जुन्या पातेल्यांतून चिखल, पाने आणि पाणी ढवळतात. गिऱ्हाईक आले की पैसे घेतात, सुटे परत देतात, त्यात बेरीज-वजाबाकी आपोआप होते. दोरीला गाठ मारून ताडपत्री ताणायची असेल तर किती माणसे लागतील, हे चौघांनी ठरवायचे. अवजारांचा कोपरा वेगळा, तिथे एका मोठ्या माणसाजवळ एकच मूल. बटाटे सोलायच्या सोलाण्याने हेझेलच्या काठीची साल काढायची. काठी धरणाऱ्या हातात हातमोजा, अवजाराच्या हातात नाही, म्हणजे पकड पक्की राहते. पाते नेहमी अंगापासून दूर सरकवायचे. साल काढलेल्या काठीला पिठाचा गोळा गुंडाळून तो चुलीवर भाजतात. चुलीजवळ बसायचे एका गुडघ्यावर, म्हणजे झोत अंगावर आला तर चटकन मागे सरता येते. रिंगण ओलांडायचे नाही, बाहेरून वळसा घालून जायचे. चार वर्षांची मुले हे नियम विसरत नाहीत. आग खरी आहे आणि पाते खरे आहे, हे त्यांना समोर दिसत असते.

गेटवर भेटणाऱ्या आज्यांना हे पटायला वेळ लागतो. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजींनी मला विचारले, “अहो, एवढ्या थंडीत पोरं पावसात कशाला काढतात? सर्दी होईल ना!” त्यांची काळजी खरी होती. पण त्यांच्या नातवाने त्याच दिवशी पावसात ओल्या काटक्या आणि कोरड्या काटक्या वेगळ्या केल्या होत्या. वाकवल्यावर कडकन मोडते ती कोरडी, हे त्याने आजीला चालता चालता काटकी मोडून दाखवले. आजींनी दुसऱ्याच दिवशी त्याच्यासाठी लोकरीचे पायमोजे विणायला घेतले.

ही जंगलशाळा, इथे तिला फॉरेस्ट स्कूल म्हणतात, तशी नवी आहे. १९९३मध्ये सॉमरसेटमधल्या ब्रिजवॉटर कॉलेजच्या बालवाडी विभागातले लोक डेन्मार्क पाहून आले आणि त्यांनी तिथली उघड्यावरची पद्धत इथे रुजवली. पण मुळे जुनी आहेत. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क या कापडगिरणीच्या गावात रॉबर्ट ओवेनने १ जानेवारी १८१६ला शाळा उघडली. चालता येऊ लागलेल्या मुलांपासून तिथे प्रवेश होता आणि शिक्षक म्हणून त्याने निवडला जेम्स बुकॅनन नावाचा विणकर. पुस्तकांनी लहानग्यांना छळू नये, हवा चांगली असेल तर त्यांना अंगणात सोडावे आणि ती विचारतील ते सांगावे, असे ओवेनचे म्हणणे. मुले सांभाळली गेली की आया गिरणीत येऊ शकतात, हा हिशेब त्याच्याकडे होताच. पण तेवढ्यासाठी एवढी मोकळी शाळा काढायची गरज नव्हती.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या बहिणींनी लंडनच्या डेप्टफर्ड भागात १९१४मध्ये खुल्या हवेतली बालशाळा काढली. गल्लीतली मुले मुडदूस आणि त्वचारोगांनी पोखरलेली होती. त्यांना आंघोळ, जेवण, झोप आणि बाग द्यायची, शिकणे त्यातच होईल, असा त्यांचा विश्वास. बागेत छपऱ्या होत्या, भाजी होती, फुले होती. इन्फंट शाळांत आज मिळणाऱ्या दोन गोष्टी मला त्याच विचाराच्या वाटतात. रोज मधल्या सुट्टीत प्रत्येक मुलाच्या हातात एक फळ किंवा गाजर. आणि सप्टेंबर २०१४पासून तिन्ही वर्गांतल्या सर्वांना फुकट दुपारचे जेवण, पालकांचे उत्पन्न न विचारता. मराठी वाचकाला उघड्यावरची शाळा ही कल्पना परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा नेली होती.

दुखते ते पुढे. बालशिक्षणाच्या आराखड्यात लिहिले आहे की मुलांना बाहेर खेळायची जागा हवी, आणि ती नसेल तर रोज बाहेरचे उपक्रम आखून ते झाले पाहिजेत. हे बंधन आहे, सल्ला नाही. पण तो आराखडा रिसेप्शनच्या शेवटी संपतो. इयर वनला दुसरा अभ्यासक्रम लागू होतो, आणि त्यात रोज बाहेर नेण्याची अट नाही. जुलैत जे मूल सकाळभर दार उघडे असलेल्या वर्गात आत-बाहेर करत होते, तेच सप्टेंबरात खुर्चीवर बसते. मधली सहा आठवड्यांची सुट्टी वगळता त्याच्यात काही बदललेले नसते. जून महिन्याची तपासणी मात्र समोर दिसू लागलेली असते. उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांचे हाल अधिक होतात. ऑगस्टमध्ये पाच वर्षांचे झालेले मूल आणि सप्टेंबरात सहाचे होणारे मूल एकाच रांगेत बसते.

चांगले शिक्षक यातूनही वाट काढतात. इयर टूच्या इतिहासात १६६६ची लंडनची आग असते. मुले पुठ्ठ्याची घरे करतात, ती मैदानावर एकमेकांना खेटून मांडतात, मधल्या गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवतात. मग दोरीपलीकडे बसून, पाण्याच्या बादल्या तयार ठेवून, बाई एका टोकाच्या घराला, म्हणजे पुडिंग लेनमधल्या बेकरीला, काडी लावतात. वारा ज्या बाजूला, आग त्या बाजूला. परवा आमच्याकडे तीन घरे वाचली, कारण एका मुलीने त्यांच्याआधी रुंद मोकळी जागा सोडली होती. तिला कोणी सांगितले नव्हते. लंडनमध्ये घरे पाडून आगीची वाट तोडली होती, हे बाईंनी नंतर सांगितले, तेव्हा सगळ्या वर्गाने तिच्याकडे वळून पाहिले. त्या दिवशीचे मुलांचे लेखन दोन-दोन पाने लांब होते.

पण असे दिवस शिक्षकाच्या उत्साहावर आणि पालकांच्या वर्गणीवर चालतात. जंगलाचा तास घ्यायला प्रशिक्षित माणूस लागतो. शाळेचे बजेट आवळले की पहिली कात्री मदतनीस शिक्षिकांच्या तासांना लागते, आणि बहुधा तीच बाई चूल पेटवणारी असते. आमच्या शाळेत केक विकून आणि उन्हाळी जत्रा भरवून जमवलेल्या पैशांवर बुधवार तगला आहे. जिथे पालकांकडे ना वेळ ना पैसा, तिथल्या मुलांना बागेची गरज सर्वांत जास्त. मॅकमिलन बहिणी डेप्टफर्डला गेल्या त्या याचसाठी.

या महिन्यात आम्ही काही पालकांनी शाळेच्या नियामक मंडळाला पत्र दिले आहे. इयर वनलाही आठवड्यातून निदान दोन सकाळी बाहेर शिकवावे, आणि त्यासाठीचे पैसे जत्रेच्या गल्ल्यातून न घेता शाळेच्या मूळ अंदाजपत्रकात धरावेत, एवढीच मागणी आहे. सह्या करणाऱ्यांत सहा मराठी घरे आहेत. फॉनिक्सचा अर्धा तास कमी करा असे आम्ही म्हटलेले नाही. तो राहावा. ठिपके आणि रेघा खडूने अंगणातल्या फरशीवरही काढता येतात, आणि रिसेप्शनच्या बाई ते रोज करतातच. मंडळाची बैठक ईस्टरच्या सुट्टीनंतर आहे.