आज्ञावली-लेखनाची साधने, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित

नैसर्गिक भाषेत सांगितलेल्या गरजेवरून संगणकाची आज्ञावली लिहिणारी, अपुरी आज्ञावली पूर्ण करणारी किंवा तिच्यातील दोष दाखविणारी साधने. त्यांची निवड वापरकर्त्याचे ज्ञान, कामाचे स्वरूप आणि आज्ञावलीची गोपनीयता यांवर अवलंबून असते.

यंत्राकरवी आज्ञावली लिहवून घेण्याची कल्पना पुण्यास नवी नाही. येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या संस्थेत मास्टरक्राफ्ट हे साधन विकसित झाले. त्यात अपेक्षित प्रणालीचा आराखडा प्रथम काटेकोरपणे मांडावा लागे आणि ठराविक नियमांनुसार त्यावरून आज्ञावली तयार होई. २०२१ नंतर प्रसार पावलेली साधने मात्र भाषा-प्रतिमानांवर चालतात. विपुल लिखित मजकूर व आज्ञावल्या यांवरून शिकलेली ही प्रतिमाने पुढे कोणता मजकूर संभवतो, याचा अंदाज करतात. त्यामुळे एकाच मागणीस निरनिराळी उत्तरे मिळू शकतात; अस्तित्वात नसलेल्या आज्ञासंग्रहाचे नावही कधी खरे असल्याप्रमाणे दिले जाते. परिणामी पडताळणीचा भार वापरकर्त्यावर येतो.

प्रकार : स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात : (१) लिहीत असताना पुढील ओळी सुचविणारी साधने, उदा., गिटहब कोपायलटचे मूळ स्वरूप (२०२१). (२) संवादातून उत्तर देणारी, उदा., चॅटजीपीटी (२०२२). (३) संपूर्ण प्रकल्पाच्या फायली वाचून त्यांत बदल करणारी व चाचण्याही चालविणारी, उदा., क्लॉड कोड (२०२५). अनेक साधनांत हे प्रकार एकत्र आले आहेत.

निवड : विद्यार्थ्यास संवादात्मक साधन उपयुक्त ठरते, मात्र तयार उत्तर घेण्यापेक्षा स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीतील चूक समजावून घेणे अधिक हिताचे असते. आज्ञावली-लेखन न जाणणाऱ्या व्यापाऱ्याने अशा साधनाकडून मालाचा हिशेब ठेवणारी आज्ञावली करून घेतल्यास, मागील महिन्याच्या हातच्या हिशेबाशी तिची उत्तरे ताडून पाहावीत. जेथे असा ताळा घेता येत नाही, तेथे जाणकाराचे साहाय्य आवश्यक ठरते.

अनुभवी तज्ञाला तिसऱ्या प्रकारची साधने सोईची वाटतात; परंतु वेळ वाचतोच असे नाही. मेटर या अमेरिकी संस्थेच्या २०२५ मधील प्रयोगात आपल्या परिचयाच्या प्रकल्पांवर काम करणाऱ्या १६ अनुभवी तज्ञांना साधनांसह सु. १९ टक्के अधिक वेळ लागला. प्रत्यक्षात त्यांना मात्र सु. २० टक्के वेळ वाचल्याचे वाटले होते.

हिंजवडीसारख्या केंद्रांतून परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कंपन्यांपुढे गोपनीयतेचा प्रश्न प्रमुख असतो. बहुतेक साधने आज्ञावलीचा मजकूर दूरस्थ संगणकाकडे पाठवितात. ग्राहकाशी झालेल्या करारात यास मनाई असल्यास, कोड लामासारखे (२०२३) स्वतःच्या संगणकावर चालविता येणारे खुले प्रतिमान वापरणे हा पर्याय उरतो. त्यासाठी समर्थ यंत्रसामग्री लागते. व्यक्तिगत माहितीच्या बाबतीत डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याचाही विचार करावा लागतो.

साधन कोणतेही असले, तरी त्याने लिहिलेल्या आज्ञावलीच्या परिणामांचे उत्तरदायित्व ती वापरणाऱ्याकडेच राहते. म्हणून ज्याचे काम आपणास तपासता येईल, असे साधन निवडणे श्रेयस्कर होय.